‘अ टेल ऑफ टू सिटीज’: व्यक्तिरेखांमागचा इतिहास

चार्ल्स डिकन्सच्या इतर कादंबऱ्यांच्या मानाने इथली माणसं कमी बोलतात, याचं एक कारण छपाईत आहे. जुन्या प्रकाशकांशी बिनसल्यावर डिकन्सने १८५९ मध्ये ‘ऑल द इयर राउंड’ हे साप्ताहिक काढलं. ३० एप्रिलच्या पहिल्याच अंकात ही कादंबरी सुरू झाली आणि ३१ हप्त्यांत, २६ नोव्हेंबरला संपली. एका हप्त्याची जागा तोकडी होती. माणसं संवादांपेक्षा कथानकातून कळावीत, असं त्याने पत्रातही लिहिलं आहे. म्हणून इथे वस्तूंवर लक्ष ठेवावं लागतं.

डॉक्टर मॅनेटचा जोडे शिवण्याचा बाक घ्या. १७५७ ते १७७५ अशी अठरा वर्षं बास्तीय या पॅरिसच्या तुरुंग-किल्ल्यात काढलेला हा माणूस मुलीच्या लग्नानंतर नऊ दिवस पुन्हा त्या बाकावर बसतो. का? लग्नाच्या सकाळी जावई डार्ने याने आपलं खरं आडनाव सांगितलेलं असतं. पण त्या एव्हरेमाँड या उमराव घराण्यानेच मॅनेटला कोठडीत टाकलं, हे वाचकाला कळतं तिसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणात. ‘पुनर्जन्म’ या सूत्रावर लिहिणाऱ्याने ते प्रकरण वाचून मागे यायलाच हवं. नाहीतर ते नऊ दिवस नुसता वेडाचा झटका वाटतात.

शेवटी डार्नेच्या जागी जीव देणाऱ्या सिडनी कार्टनचं मूळ रंगमंचावर आहे. १८५७ मध्ये विल्की कॉलिन्सच्या ‘द फ्रोझन डीप’ या नाटकात प्रतिस्पर्ध्यासाठी जीव देणाऱ्या माणसाची भूमिका डिकन्सने स्वतः केली. कादंबरीची कल्पना तिथेच सुचली, हे प्रस्तावनेत आहे. फ्रेंच क्रांतीच्या चित्रणासाठी थॉमस कार्लाइलच्या १८३७ च्या इतिहासाचं ऋणही तिथेच मानलं आहे.

विद्यार्थ्यांची हमखास गल्लत तारखांत होते. बास्तीय पडली १४ जुलै १७८९ला. तेव्हा आत फक्त सात कैदी होते. डार्ने पॅरिसला परततो तो ऑगस्ट १७९२ मध्ये, आणि लगोलग सप्टेंबरच्या कत्तली होतात, म्हणजे जमाव तुरुंगांतल्या कैद्यांना ठार करतो. टेल्सन या लंडनच्या बँकेच्या पॅरिसमधल्या आवारात हत्यारांना धार लावणारा जमाव त्या दिवसांतला. दोन्ही काळ एक धरले, तर जुलमाविरुद्धचा उठाव आणि त्यातून आलेला जुलूम यांतला फरकच हरवतो. लेखकाचा सगळा भर मात्र त्यावरच आहे.

पॅरिसमधल्या दारूच्या दुकानाची मालकीण आणि क्रांतिकारक मादाम दफार्ज हिला ‘खलनायिका’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. एव्हरेमाँड बंधूंनी उद्ध्वस्त केलेल्या कुटुंबातली ती वाचलेली धाकटी बहीण, हे तिसऱ्या भागाच्या बाराव्या प्रकरणात उघड होतं. पहिल्या वाचकांनी तोवर कित्येक महिने तिचं विणकामच, ज्यात ती सूड घ्यायच्या माणसांची नावं विणते, पाहिलं होतं.