सीझरनंतर नॉर्मल: आधी जुनी फाईल शोधा

“पहिलं सीझर होतं ना? मग आता विचारायचं काय, दुसरंही सीझरच!” दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या बाईला हे सासू सांगते, शेजारीण सांगते, सोनोग्राफीच्या रांगेत बसलेली अनोळखी बाईही सांगते. या समजुतीमागचं मूळ वाक्य १९१६ सालचं, न्यू यॉर्कचं आहे. एडविन क्रेगिन या प्रसूतितज्ज्ञांनी तिथल्या डॉक्टरांपुढे बोलताना म्हटलं होतं, एकदा सीझर की कायम सीझर. त्यांचा रोख पहिल्या सीझरवर होता. पुढची सगळी बाळंतपणं त्याच वाटेनं जाणार, तेव्हा पहिल्यांदा पोट फाडण्याआधी दहादा विचार करा, असं त्यांना सांगायचं होतं. त्याच भाषणात त्यांनी आपल्याच एका रुग्णेचा दाखला दिला होता, सीझरनंतर तिला तीन मुलं सुखरूप, नेहमीच्या मार्गानं झाली होती. इशारा लोक विसरले, वाक्य तेवढं टिकलं.

त्या काळच्या शस्त्रक्रियेचा विचार केला तर क्रेगिन यांची भीती रास्त होती. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत, तोही वरच्या, जाड भागात. कळा येतात म्हणजे नेमका हाच भाग आवळतो आणि बाळाला खाली ढकलतो. दर तीन-चार मिनिटांनी जिथे सगळा जोर येणार, तिथेच जुना वण. असा वण पुढच्या वेळी कळांमध्ये उसवण्याची शक्यता शंभरात साधारण चार ते नऊ इतकी मोठी असते. १९२० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ मन्रो कर यांनी छेदाची जागा बदलण्याचा आग्रह धरला: गर्भाशयाच्या खालच्या भागात, आणि आडवा. हा खालचा भाग गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ताणून पातळ होतो. कळांच्या वेळी तो स्वतः फारसा आवळत नाही, नुसता ताणला जातो. तिथे रक्तस्राव कमी होतो, टाके नीट बसतात आणि पुढच्या खेपेला जोरही कमी येतो. आज आपल्याकडची बहुतेक सगळी सीझरं याच पद्धतीची असतात. डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ (लोअर सेगमेंट सिझेरियन सेक्शन) ही चार अक्षरं दिसतात ती याचीच.

अशा एका आडव्या छेदानंतर स्वतःहून कळा सुरू झालेल्या हजार जणींनी नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न केला, तर सुमारे पाच जणींमध्ये वण उसवतो. बाकीच्यांत तो टिकतो. प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साधारण ७२ ते ७५ जणींचं बाळंतपण खरोखर नॉर्मल होतं, असं ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आधी एकदा तरी नॉर्मल बाळंतपण झालं असेल तर हा आकडा ८५ ते ९० वर जातो. सीझरनंतरच्या अशा नॉर्मल बाळंतपणाला वैद्यकीय बोलीत ‘व्हीबॅक’ म्हणतात.

ही चर्चा बहुतेक वेळा सीझर की नॉर्मल अशी दोनच खणांत होते. खरे खण तीन आहेत: ठरवून केलेलं सीझर, यशस्वी नॉर्मल, आणि प्रयत्न करून शेवटी कळांमध्ये घाईनं करावं लागलेलं सीझर. तिघांत सगळ्यात कमी त्रास दुसऱ्यात, सगळ्यात जास्त तिसऱ्यात: रक्तस्राव जास्त, जंतुसंसर्ग जास्त, वण उसवण्याचे प्रकारही बहुतेक यातच. ठरवून केलेलं सीझर मधे कुठेतरी. म्हणून ‘व्हीबॅक सुरक्षित आहे का’ यापेक्षा ‘माझ्या बाबतीत तो यशस्वी होण्याची शक्यता किती’ हा प्रश्न विचारायला हवा. तयारी करायची ती या प्रश्नाच्या उत्तरासाठी. गर्भसंस्काराचे क्लास, योगासनं, खजूर हे सगळं त्यानंतर.

उत्तराची सुरुवात होते जुन्या फाईलपासून. आणि आपल्याकडे नेमकी तीच सापडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, त्यामुळे कागद राहिले माहेरच्या कपाटात, बाई आता पुण्यात किंवा बडोद्यात. सापडलं तरी बहुधा फक्त डिस्चार्ज कार्ड सापडतं, ज्यावर तारीख, बाळाचं वजन आणि औषधं एवढंच असतं. हवी असते ती शस्त्रक्रियेची नोंद. गर्भाशयावर छेद कुठे आणि कसा घेतला? बाळ काढताना तो फाटून वर गेला का, उलट्या ‘टी’सारखा वाढवावा लागला का? सीझर का केलं? तेव्हा पिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं होतं? नंतर ताप आला होता का? पोटावरची खूण पाहून यातलं काहीच कळत नाही. बाहेर आडवी, सुबक रेघ असते आणि आत उभा छेद असू शकतो. सातव्या महिन्यात घाईनं सीझर करावं लागलं असेल तर हे विशेष शक्य, कारण तोवर गर्भाशयाचा खालचा भाग नीट तयारच झालेला नसतो. आत वरपर्यंत उभा किंवा ‘टी’ छेद असेल, पूर्वी एकदा वण उसवलेला असेल, किंवा या वेळी वार पिशवीच्या तोंडावर आली असेल, तर विषय तिथेच संपतो. ठरवून सीझर करावं. पहिलं सीझर झालेल्या रुग्णालयाकडे नोंदीची प्रत मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच मागावी. नववा लागल्यावर भावाला गावी पिटाळण्यात अर्थ नाही.

पहिल्या सीझरचं कारणही बरंच काही सांगतं. बाळ पायाळू होतं म्हणून सीझर झालं असेल, आणि या वेळी डोकं खाली असेल, तर ते कारण उरलंच नाही. अशा बायकांचं यश चांगलं असतं. कळा येऊनही तोंड उघडेना, बाळ खाली सरकेना म्हणून सीझर झालं असेल तर आकडा खाली येतो, तरी निम्म्याहून अधिक जणींना जमतं. वय, वजन, उंची, मधुमेह, बाळाचं वजन यांचाही परिणाम होतो. अमेरिकेत २००७ पासून अशा काही गोष्टींची गोळाबेरीज करून टक्केवारी सांगणारं एक गणितयंत्र वापरात आहे. त्यात आईचा वंशही धरला जाई आणि कृष्णवर्णीय व लॅटिन बायकांचा आकडा त्यानं आपोआप घसरे. २०२१ मध्ये तो रकाना काढून टाकला, आणि अंदाज पूर्वीइतकाच चांगला येतो असं दिसलं.

आता वणाबद्दल. बाळंतपणानंतर साधारण किलोभर वजनाचं गर्भाशय सहा आठवड्यांत सत्तर ग्रॅमच्या आसपास येतं, आणि छेदही त्याबरोबर आक्रसून लहानसा होतो. तिथे नवा स्नायू फारसा तयार होत नाही, मुख्यतः तंतुमय ऊती भरते. ती पक्की व्हायला वेळ लागतो. दोन बाळंतपणांमधलं अंतर दीड वर्षाहून कमी असेल तर वण उसवण्याचा धोका वाढलेला दिसतो, तो यामुळे. म्हणजे या तयारीचा एक भाग पाळणा लांबवण्याचा आहे, आणि तो दिवस राहण्याआधीच करावा लागतो! शेवटच्या महिन्यात सोनोग्राफीनं वणाची जाडी मोजतात आणि रिपोर्टवरचा मिलिमीटरचा आकडा पाहून घरच्यांची झोप उडते. वण जितका पातळ तितका धोका जास्त, हे खरं. पण अमुक आकड्याखाली प्रयत्न नकोच, अशी सर्वमान्य रेषा नाही. दुसरं सीझर करताना डॉक्टरांना कधी कधी वणाची जागा इतकी पातळ दिसते, की पारदर्शक पडद्यातून बाळाचे काळे केस दिसतात. आईला ना वेदना, ना रक्तस्राव. अशी खिडकी पडणं वेगळं आणि पूर्ण जाडीचा वण फाटून बाळाचा प्राणवायू तुटणं वेगळं.

कळा आपोआप येण्याची वाट पाहणं सगळ्यात चांगलं. कृत्रिमरीत्या कळा आणल्या की धोका वाढतो, आणि किती वाढतो ते कशानं आणल्या यावर ठरतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या बायकांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कळा आपोआप आल्या तेव्हा वण उसवण्याचं प्रमाण हजारी ५.२ होतं. प्रोस्टाग्लँडिन न वापरता आणल्या तेव्हा ७.७, आणि प्रोस्टाग्लँडिन वापरून आणल्या तेव्हा २४.५. ही द्रव्यं पिशवीचं तोंड मऊ करतात, पण जुना वणही सैल करत असावीत असा तर्क आहे. म्हणून सीझर झालेल्या बाईला कळा आणायला मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे याच प्रकारच्या द्रव्याच्या, गोळ्या देत नाहीत. गरजच पडली तर फुग्याची नळी घालून तोंड उघडायला मदत करतात, कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाइन अगदी बेतानं लावतात.

इथे एरंडेलाबद्दल बोलायला हवं. दिवस भरले की चमचाभर एरंडेल देण्याची चाल अनेक घरांत अजून आहे. ‘घरगुती, त्यानं काय होतंय’ असं म्हणून ते दिलं जातं. त्यानं होतं. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्यातल्या आणि गर्भाशयातल्या प्रोस्टाग्लँडिनच्याच एका ग्राहकावर (पेशीवरच्या, त्याचा संदेश घेणाऱ्या रेणूवर) काम करतं, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं. तो ग्राहक नसलेल्या उंदरांना एरंडेलानं ना जुलाब झाले, ना गर्भाशय आकुंचन पावलं. डॉक्टर ज्या दारानं जायला कचरतात त्याच दारानं आजी चमचा घेऊन जाते. पोटावर सीझरचा वण असेल तर एरंडेल नको, काढेही नकोत.

पोटातली परिस्थिती अनुकूल असली, तरी बाळंतपण कुठे होणार यावर निम्मी गोष्ट ठरते. वण उसवल्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत दिसते. मिनिटाला ११० ते १६० असणारे ठोके घसरतात आणि वर येत नाहीत. म्हणून कळा नियमित झाल्या की पोटाला दोन पट्टे बांधतात, एक ठोके टिपणारा, एक कळा टिपणारा, आणि मशीनमधून कागदाची पट्टी सरकत राहते. त्या पट्टीकडे सतत बघणारं माणूस लागतं. ठोके घसरल्यापासून साधारण १८ मिनिटांत बाळ बाहेर आलं तर ते बहुधा सुखरूप राहतं, असं अशा घटनांच्या अभ्यासांत दिसलंय. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन केल्यावर घरून येतात, रक्त गावातल्या रक्तपेढीतून आणावं लागतं. रात्री अडीच वाजता १८ मिनिटांत हे जमणार नाही, हे तिथल्या डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. ‘आम्ही व्हीबॅक करत नाही’ या उत्तरामागे दर वेळी पैसाच असतो असं समजू नये. अर्थात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्के बाळंतपणं सीझरनं झाली आणि सरकारी रुग्णालयांत १४ टक्के, हेही विसरता येत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर होतं, गोव्यात जवळपास ४०. ही सगळी पहिली सीझरं उद्याच्या ‘आधीचं सीझर’च्या नोंदी आहेत.

तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरांना सरळ विचारावं: रात्री भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? माझ्या गटाचं रक्त कुठे मिळेल? कळा आल्यावर तुम्ही स्वतः असाल का? तारीख उलटली तर किती दिवस थांबायचं आणि मग काय करायचं? उत्तरं पटली नाहीत तर वैद्यकीय महाविद्यालयाचं किंवा जिल्ह्याचं रुग्णालय गाठणं शहाणपणाचं. हिमोग्लोबिन तोवर वाढवून ठेवायचं, रक्तस्राव झालाच तर ते कामी येतं. राहतं घर रुग्णालयापासून दोन तासांवर असेल तर शेवटचे दोन आठवडे जवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. ‘कळा चांगल्या जोरात आल्या की निघू’ हा पहिलटकरणीला मिळणारा सल्ला इथे चालत नाही. कळा नियमित व्हायला लागल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, की निघायचं.

लेबर रूममध्ये सुई टोचून ठेवतात, रक्ताचा नमुना घेतात. चालायला-फिरायला मनाई नसते. कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत दिलं जाणारं एपिड्युरल घेता येतं. त्यामुळे वण उसवल्याचं कळणारच नाही, ही भीती खरी ठरलेली नाही. दोन कळांच्या मधे पोट सैल पडूनही वणाच्या जागी दुखत राहणं, खांद्यात कळ येणं, लघवीत रक्त दिसणं, जोरात असलेल्या कळा अचानक थांबणं, यातलं काहीही झालं तर लाजेकाजेस्तव गप्प बसू नये. जवळ एक ओळखीची बाई असावी. बाळंतिणीला सतत सोबत मिळाली तर नॉर्मल होण्याचं प्रमाण वाढतं, हे पंधरा हजारांहून अधिक बायकांच्या चाचण्यांतून दिसलं आहे. सरकारी रुग्णालयांतही सोबतीण आत घ्यायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये परवानगी दिलेली आहे. पाटी लावलेली नसली तरी विचारावं.

सीझर निवडणारीला कमी लेखायचं कारण नाही. महाराष्ट्रात बहुतेक घरं दोन मुलांवर थांबतात आणि ‘सीझरबरोबर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरकून टाकू’ हा हिशेब बऱ्याच घरांत असतो. तो चुकीचा नाही, फक्त नॉर्मल बाळंतपणानंतरही आठवड्याभरात ते ऑपरेशन होऊ शकतं, हे माहीत असावं. तिसरं मूल हवं असेल तर मात्र पारडं नॉर्मलकडे झुकतं. वार खाली असलेल्या बाईचं दुसरं सीझर असेल तर वार जुन्या वणात रुतून बसण्याची शक्यता शंभरात ११, तिसरं सीझर असेल तर ४०. अशी रुतलेली वार सुटत नाही, रक्त थांबत नाही आणि बऱ्याचदा गर्भाशयच काढावं लागतं.

आणि प्रयत्न करूनही शेवटी सीझर झालं, तर भूल उतरल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून कार्डावर लिहून घ्याव्यात: या वेळी छेद कसा घेतला, आणि जुना वण उघडल्यावर कसा दिसला. कार्डाचा फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्याही मोबाइलवर पाठवून ठेवावा.