ड्रम अँड ब्यूगल कोअर : स्पर्धा आणि तिचा प्रेक्षक

ड्रम अँड ब्यूगल कोअर म्हणजे पितळी फुंकवाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे, लाकडी रायफली व तलवारी फिरवणारे कलर गार्ड यांचा मिळून बनलेला तरुण कलाकारांचा संघ. हा संघ अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर सतत चालत, धावत, नाचत सुमारे 11–12 मिनिटांचा कार्यक्रम पाठ वाजवतो. ही परंपरा मुख्यतः अमेरिकेची आहे. कॅनडा, ब्रिटन, नेदरलँड्स आणि जपान इथेही तिच्या शाखा रुजल्या. शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडशी तिचे जवळचे नाते असले, तरी कोअरमध्ये बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन नसतात. कोअर कोणत्याही शाळेचा नसतो, तो स्वतंत्र ना-नफा संस्था असतो. शाळेचा बँड सामन्याच्या मध्यंतरात वाजतो आणि लोक सामन्यासाठी आलेले असतात. कोअरसाठी मात्र लोक खास तिकीट काढून, शेकडो मैल गाडी हाकत येतात. त्यामुळे या कलेची कोणतीही नोंद प्रेक्षकाला वगळून पुरी होत नाही.

पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, विशेषतः अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स यांनी, लष्कराचे शिल्लक राहिलेले बिगुल आणि ढोल घेऊन गावोगावी पथके उभी केली. पुढे चर्च, बॉय स्काउट आणि स्थानिक मंडळांनी मुलांची पथके काढली. न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावी एका चर्चच्या आश्रयाने 1934 मध्ये ‘कॅडेट्स’ सुरू झाले, विस्कॉन्सिनमध्ये 1938 साली ‘मॅडिसन स्काउट्स’, तर शिकागोत 1948 साली ‘कॅव्हेलिअर्स’. स्पर्धा माजी सैनिकांच्या अधिवेशनांत होत आणि नियमही त्यांचेच असत. लष्करी कवायतीची चौकट मोडायची नाही आणि बक्षिसाच्या रकमेबाबत बोलायचे नाही, अशी पथकांची स्थिती होती. ती असह्य झाल्यावर कॅव्हेलिअर्सचे डॉन वॉरेन आणि वायोमिंगमधल्या ‘ट्रूपर्स’चे जिम जोन्स यांच्या पुढाकाराने पथकांनी 1971 मध्ये स्वतःचीच संघटना बांधली : ड्रम कोअर इंटरनॅशनल, रोजच्या बोलण्यात डीसीआय. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ‘अ‍ॅनाहाइम किंग्समेन’नी ती जिंकली. पुढे ही स्पर्धा गावोगाव फिरत राहिली. 2009 पासून तिचा मुक्काम इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये आहे. ऑगस्टच्या पूर्वार्धातल्या एका शनिवारी रात्री तिथे पहिले बारा संघ अंतिम फेरीत वाजवतात.

नवा प्रेक्षक पहिल्या रांगेचे तिकीट काढतो. मुरलेला प्रेक्षक 50 यार्डाच्या रेषेसमोर, पण बराच वर बसतो. कारण हा कार्यक्रम वरून पाहण्यासाठी रचलेला असतो. मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते आणि त्या पाच यार्डांत आठ पावले टाकायची, हे मूळ माप. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे. दीडशेहून अधिक कलाकारांपैकी प्रत्येकाला प्रत्येक आकृतीतली आपली जागा पाठ असते : कोणत्या रेघेपासून किती पावले डावीकडे, कडेपासून किती पावले आत. वरून पाहताना चौकोन वळतो, त्याचे वर्तुळ होते, वर्तुळ फाटून दोन वक्र रेषा एकमेकींतून आरपार जातात आणि कुणी कुणाला घासत नाही. सगळ्यात जुनी आणि अजूनही हमखास टाळी घेणारी आकृती म्हणजे ‘कंपनी फ्रंट’. सारे फुंकवाद्यवाले मैदानभर एकाच सरळ रेषेत उभे राहतात आणि पूर्ण जोराने वाजवत थेट प्रेक्षकांच्या अंगावर चालत येतात. ती रेषा कुठेही वाकली नाही, की स्टेडियम उठून उभे राहते. मागे तोंड करून वाजवणारे वादक एका ठोक्यावर वळून वाद्यांची तोंडे आपल्याकडे करतात, तेव्हा आवाज छातीवर आदळतो. हा अनुभव कोणत्याही ध्वनिमुद्रणात येत नाही.

कान देऊन ऐकणाऱ्याला आणखी एक कसरत कळते. मैदान सुमारे 49 मीटर खोल असते, त्यामुळे मागच्या कडेचा आवाज पुढे पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. जलद लयीत एवढ्यात सूर आणि ताल फाटतात. म्हणून पुढचे वादक मागून येणारा ताल ऐकून त्यात आपला सूर बसवतात, आणि ड्रम मेजर, म्हणजे उंच चौथऱ्यावरचा संचालक, पुष्कळदा मधल्या स्नेअरवाल्याच्या (स्नेअर म्हणजे तडतडणारा चपटा ढोल) पावलांवर नजर ठेवून हात चालवतो. या लयीला पाऊल हेच प्रमाण.

खरा शौकीन मात्र कार्यक्रमाच्या दोन तास आधीच पार्किंगमध्ये हजर असतो. सगळे त्याला ‘लॉट’ म्हणतात. तिथे प्रत्येक पथकाची ड्रमलाइन अर्धवर्तुळात उभी राहून हात मोकळे करते. पहिला धडा असतो ‘एट्स’ : एका हाताचे आठ ठोके, मग दुसऱ्या हाताचे आठ. याहून सोपे काही नसते आणि म्हणूनच लपायला जागा नसते. नऊ-दहा स्नेअर एकच वाद्य असल्यासारखे वाजतात की नाही, काठ्या सारख्याच उंचीवर उठतात की नाही, हे दोन हातांवरून दिसते. गणेशोत्सवाआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव पाहायला थांबणाऱ्या पुणेकरांना ही गर्दी ओळखीची वाटेल. पलीकडे फुंकवाद्यवाले गोलात उभे राहून एखादी संथ स्वरावली लावतात. तिच्यात कधी पथकाचे स्वतःचे गाणे येते आणि आजूबाजूचे पिकल्या केसांचे माजी सदस्य त्यात आवाज मिसळतात. मला विचाराल, तर एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर स्टेडियमऐवजी लॉट निवडावा.

गुण शंभरपैकी दिले जातात : एकूण परिणामाला 40, दृश्याला 30, संगीताला 30. निकाल हजाराव्या भागापर्यंत जातो. 1983 पर्यंत पद्धत उलटी होती. परीक्षक मैदानात वादकांच्या मधून फिरत आणि प्रत्येक चुकीला गुणाचा दहावा भाग कापत. त्याला ‘टिक’ म्हणत. तेव्हा अवघड काही करणे म्हणजे चुका ओढवून घेणे होते. 1984 पासून केलेल्या कामाला गुण देण्याची रीत आली आणि रचनाकारांचे हात सुटले. बदलाची चाहूल त्याआधीच्या वर्षीच लागली होती. 1983 मध्ये गारफील्ड कॅडेट्सनी जॉर्ज झिंगाली यांच्या असममित, वेगवान आकृत्या मैदानात आणल्या आणि डीसीआयचे अजिंक्यपद पहिल्यांदा पूर्व किनाऱ्यावर नेले. तोपर्यंत मैदानाचा डावा अर्धा उजव्याचे प्रतिबिंब असे. 1983 ते 1985 अशी सलग तीन वर्षे कॅडेट्स जिंकले.

परीक्षक आणि प्रेक्षक यांचे मत दरवेळी जुळत नाही. या कलेचा इतिहास त्या मतभेदातूनच नीट कळतो. 1993 मध्ये ‘स्टार ऑफ इंडियाना’ने सॅम्युअल बार्बर आणि बेला बार्टोक यांच्या संगीतावर एक कठोर, अमूर्त कार्यक्रम उभा केला. टाळीसाठी थांबायच्या जागा नाहीत, ओळखीची चाल नाही, शेवटी गगनभेदी जल्लोष नाही. त्याऐवजी कुजबुजणारे सूर आणि देहाच्या तुटक हालचाली. प्रेक्षकांतल्या काहींनी त्यांची हुर्यो उडवली. मिसिसिपीतल्या जॅक्सन इथे कॅडेट्स गुणाच्या दहाव्या भागाने पुढे राहिले आणि स्टार दुसऱ्या क्रमांकावर. त्यानंतर स्टारने स्पर्धा सोडली. त्यांच्या रंगमंचीय प्रयोगांतून ‘ब्लास्ट!’ हा खेळ घडला आणि 2001 मध्ये त्याला अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. पुढच्या दशकांत मैदानावर नृत्याची जी भाषा सर्वमान्य झाली, तिचा मोठा भाग त्या एका कार्यक्रमात सापडतो. त्या वर्षी ओरडणारे पुष्कळजण नंतर त्याच चित्रफितीची पारायणे करत राहिले.

2008 मध्ये याच्या उलट घडले. रॉकफर्ड, इलिनॉय इथल्या ‘फँटम रेजिमेंट’ची ख्याती पाश्चात्त्य अभिजात संगीत भरदार वाजवण्याची. त्या उन्हाळ्यात त्यांनी गुलामांचा उठाव करणाऱ्या स्पार्टाकसची कथा घेतली. शेवटाकडे कलाकार एकामागून एक ‘मीच स्पार्टाकस’ असे ओरडत आणि हंगाम पुढे सरकला तसे प्रेक्षकही ओरडू लागले. ब्लूमिंग्टनच्या उघड्या स्टेडियममध्ये अंतिम निकाल लागला : फँटम रेजिमेंट 98.125, ‘ब्लू डेव्हिल्स’ 98.100. फरक गुणाच्या चाळिसाव्या भागाचा. ब्लू डेव्हिल्सचे त्या रात्रीचे वादन काटेकोर होते, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य आहे. पण आज त्या वर्षाचा विषय निघाला की लोक फँटमच्या गर्जनेबद्दलच बोलतात.

कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डच्या या ब्लू डेव्हिल्सनी 1976 पासून वीसहून अधिक अजिंक्यपदे मिळवली आहेत. 2014 चा त्यांचा 99.650 हा गुणांचा उच्चांक आहे. सतत जिंकणाऱ्यावर जीव जडणे काहींना अवघड जाते, परंतु जॅझच्या लवचिक लयीत एवढी नेमकी पावले दुसऱ्या कुणाची पडलेली नाहीत, हे मी निःसंकोच लिहितो. लोकप्रियतेची गणिते वेगळी असतात. ओहायोतल्या कॅन्टनचे ‘ब्लूकोट्स’ मैदानात येताच चहूकडून ‘ब्लूऽऽऽ’ असा लांब हुंकार उठतो. पहिल्यांदा आलेल्याला वाटते की हुर्यो चालली आहे. 2016 मध्ये त्यांनी उतरत्या घसरगुंड्यांवरून वाजवत, घसरत पहिले अजिंक्यपद घेतले. ‘सांता क्लारा व्हॅनगार्ड’चा टोपीवर बाटली ठेवून केलेला नाच पिढ्यान्‌पिढ्या मागणीने होत आला.

चाहत्यांचा जुना आणि न संपणारा वाद वाद्यांवरून आहे. मूळ बिगुलाला सूर बदलणाऱ्या झडपा नव्हत्या. ‘जी’ पट्टीच्या बिगुलांना 1977 मध्ये दोन आणि 1990 मध्ये तीन झडपांची परवानगी मिळाली. 2000 मध्ये कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये चालू लागली. 1982 पासून मरिंबा, टिंपनी यांसारखी जड तालवाद्ये मैदानाच्या पुढे जमिनीवर ठेवता आली. 2004 मध्ये ध्वनिवर्धक आले, 2009 मध्ये सिंथेसायझर. प्रत्येक पायरीला ‘आता हे कोअर राहिले नाही’ असे म्हणणारे होते. झडपांबाबत त्यांचे म्हणणे टिकले नाही, कारण संगीत निर्विवाद समृद्ध झाले. सिंथेसायझरच्या खर्जाबाबत मात्र त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे : सत्तर-ऐंशी माणसांच्या फुफ्फुसांतून येणाऱ्या आवाजाखाली यंत्राचा घुमार घातला, की नेमके काय माणसाने केले ते कानाला कळेनासे होते.

सदस्यांना वयाची मर्यादा आहे. साधारण बावीस वर्षे भरली की शेवटचा हंगाम; त्याला ‘एज-आउट’ म्हणतात. सदस्याला मानधन मिळत नाही, उलट त्यालाच काही हजार डॉलर भरावे लागतात. मे-जूनमध्ये दिवसदिवसभर उन्हात सराव, मग बसने राज्याराज्यांतून प्रवास, रात्री शाळेच्या व्यायामशाळेच्या फरशीवर झोप. स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये रोज चार वेळचे जेवण बनवणारे बहुधा पालक आणि माजी सदस्य असतात. संघ दरवर्षी बदलतो, वादक निघून जातात, कार्यक्रम एका उन्हाळ्यापुरता जगतो आणि पुन्हा होत नाही. त्यामुळे टिकून राहणारा घटक प्रेक्षकच आहे. कोणत्या वर्षी कुणी काय वाजवले, कोणती रेषा कुठे मोडली, हे त्याला तोंडपाठ असते. मोठ्यांसाठी निराळी पथके होतीच. त्यांची ड्रम कोअर असोसिएट्स ही संघटना 1960 च्या दशकापासून स्पर्धा भरवत होती आणि 2024 पासून तो विभाग डीसीआयमध्ये आला.

प्रेम करणाऱ्यांनी डोळेझाक करू नये अशीही बाजू आहे. 1960–70 च्या दशकांत शेकडो पथके होती. बस, इंधन आणि विम्याचा खर्च वाढत गेला तशी बहुतेक बंद पडली. व्हॅनगार्डसारखा नामांकित संघ आर्थिक अडचणीमुळे 2023 मध्ये उतरू शकला नाही. 2018 पासून अनेक पथकांतल्या लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी उघड झाल्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कडक करावे लागले. नव्वद वर्षांचे कॅडेट्स 2024 मध्ये जुन्या अत्याचाराच्या आरोपांवरील खटल्याच्या ओझ्याखाली बंद झाले. पीडितांचे ऐकणे उशिरा सुरू झाले, ही खंत अनेक निष्ठावंत चाहते उघड बोलून दाखवतात, आणि ते योग्यच आहे.

2020 मध्ये साथीमुळे हंगाम झाला नाही. 2021 मध्ये पथके गुणांविना वाजली. दूरच्या प्रेक्षकासाठी पूर्वी सार्वजनिक दूरचित्रवाणी होती, 2004 पासून चित्रपटगृहांतले प्रक्षेपण आले आणि आता इंटरनेटवरून थेट दृश्य मिळते. इंडियानापोलिसची शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट.

अजिंक्यपदांच्या यादीपेक्षा चाहत्यांचा धीर समजून घ्यायचा असेल, तर ‘बोस्टन क्रुसेडर्स’चा प्रवास पाहावा. 1940 मध्ये स्थापन झालेला हा संघ डीसीआयच्या मूळ सदस्यांपैकी एक. पण अंतिम बारांत यायला त्याला 1999 उजाडले. मधल्या काळात त्याच्यापाठी उभे राहणाऱ्यांना दर ऑगस्टमध्ये अंतिम फेरी दुसऱ्यांची पाहावी लागली. 2025 मध्ये बोस्टनने पहिले अजिंक्यपद जिंकले.