चक्राकार उत्पादन-रचना

वस्तू बनवायच्या आधीच ठरवायचं की ती बनवताना आणि वापरून झाल्यावर जे उरेल ते कोणाचा तरी कच्चा माल होईल आणि त्यातून पैसाही सुटेल, या पद्धतीला चक्राकार उत्पादन-रचना म्हणतात. कचरा झाल्यावर त्याचं काय करायचं हा रिसायकलिंगचा विषय, तो वेगळा, पण बरेच जण दोन्ही एकच धरतात.

कल्पना मुळात कोणाची यावर एकमत नाही. सहसा स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल यांचं नाव घेतात, कारण 1976 च्या सुमारास त्यांनी जेनेव्हिएव रेडे यांच्यासोबत युरोपियन कमिशनसाठी केलेल्या अहवालात वस्तूंचं आयुष्य वाढवून रोजगार निर्माण करायचा मुद्दा होता. जर्मन रसायनतज्ज्ञ मायकेल ब्राउनगार्ट आणि अमेरिकन वास्तुविशारद विल्यम मॅकडोनो यांनी 1990 नंतर याला रचनेचं शास्त्र बनवलं. काही जण केनेथ बोल्डिंग यांच्या 1966 च्या निबंधापर्यंत मागे जातात. पण वर्ध्यात 1934 ला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि तिथे मगनवाडीत काम करणारे जे. सी. कुमारप्पा कोळसा-पेट्रोलसारख्या साठ्यावर चालणारी आणि निसर्गाच्या वाहत्या चक्रावर चालणारी अर्थव्यवस्था असा फरक बोल्डिंग यांच्या आधीच मांडत होते. रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा मगनदीप तिथलाच. आजची परिभाषा त्यांची नाही हे खरं, तरी मूळ विचार त्यांच्याकडे आधी दिसतो, आणि विदर्भाबाहेरच्या लिखाणात हे क्वचितच येतं.

ब्राउनगार्ट-मॅकडोनो यांचा मुख्य नियम असा की माल दोनपैकी एकाच चक्रात फिरावा, एक तर मातीत कुजणारा नाहीतर कारखान्यात परत वितळणारा, दोन्हींची सरमिसळ नको. स्वित्झर्लंडच्या एका गिरणीत 1990 च्या दशकात लोकर आणि रॅमी या झाडाच्या धाग्याचं सोफ्याचं कापड करताना सुमारे 8000 रसायनं तपासून त्यांनी फक्त 38 ठेवली, मग कापडाच्या कात्रणांची फेल्टसारखी शीट बागांमध्ये आच्छादन म्हणून वापरता आली. याउलट कापूस-पॉलिस्टर मिश्र कापड, मातीत पूर्ण कुजत नाही आणि वेगळं करायचा खर्चही परवडत नाही, म्हणून तो कचरा रचनेतच ठरलेला असतो.

विदर्भात कापसाचं चक्र आधीपासूनच बरंचसं पूर्ण होतं. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी, तिचं तेल, मग ढेप (पेंड), ढेप जनावराला आणि शेण परत वावरात. उरते पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. ती सरपणाला जाते नाहीतर वावरातच पेटवतात, आणि धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवली तर बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी टिकून राहते. पऱ्हाटीचे बोर्ड आणि पेलेट (जळणाच्या गोळ्या) बनतात, मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलंय, पण माल फोफसा, ट्रॉली भरते आणि वजन भरत नाही, भाड्यातच पैसा जातो. म्हणून वावरातच श्रेडर फिरवून तुकडे करणं आणि ब्रिकेटचं (दाबून केलेल्या जळणाच्या विटांचं) युनिट गावाजवळ ठेवणं यावरच नफा अवलंबून आहे, मशीन किती भारी आहे त्यावर नाही.

पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांची, त्यांच्याच नावावरून ओळखली जाणारी नाडेप खत पद्धत याच विचाराची, आणि तिचं तंत्र सगळं टाक्यात आहे. विटांचं 10 × 6 × 3 फुटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं, आत काडीकचरा, कुटार (भुसा), शेणपाणी आणि माती थराथराने, वरून मातीचं लिंपण. शेण फक्त 100 किलोच्या आसपास लागतं, जनावरं कमी झालेल्या गावात हे फार महत्त्वाचं. 90 ते 120 दिवसांत एका टाक्यातून सुमारे 3 टन खत निघतं. उकंड्यावरच्या खताला याहून जास्त वेळ जातो आणि त्यातलं नत्र उडून जातं.

भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस राइस मिलच्या बॉयलरमध्ये जळतं. त्याच्या राखेत साधारण 85 ते 90 टक्के सिलिका (वाळूत असते तेच द्रव्य) असते आणि ती सिमेंटमध्ये चालते, मात्र जाळतानाच तापमान सांभाळावं लागतं, साधारण 700 अंशांच्या फार वर गेलं की सिलिका स्फटिकरूप होते आणि तिचा उपयोग कमी होतो.