स्वतः रंगवलेली आझुलेजो टाइल: पेटी नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आझुलेजो म्हणजे पोर्तुगीज धाटणीची, ग्लेझवर रंगवून भाजलेली टाइल. पेटीत 15 × 15 सेंमीच्या चार टाइल आहेत. त्यांवर पांढऱ्या ग्लेझचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाचा, थर दिलेला आहे, पण तो अजून भाजलेला नाही. सरावासाठी पाचवी टाइल, निळ्या आणि तपकिरी रंगाची पूड, लांब केसांचा एक व बारीक टोकाचा एक ब्रश, ट्रेसिंग पेपर आणि कोळशाच्या पुडीची मलमलची पुरचुंडीही आहे. चार टाइल जोडल्या की साधारण 30 × 30 सेंमीचे चित्र होते. देवघराच्या भिंतीला किंवा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) दाराशेजारी लावायला हा आकार पुरतो. रंगवायचे तुम्ही, भाजायचे आम्ही.

काय रंगवाल

कॅलेंडरवरची छापील प्रतिमा जशीच्या तशी उतरवू नका, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तिच्यातल्या बारीक छटा या ग्लेझवर उमटत नाहीत आणि चित्र मळकट दिसते. घरात रोज ज्याच्यापुढे तेर्स (रोझरीची प्रार्थना) म्हणता, त्याची आठवण देणारे थोडे आकार घ्या. सांत (संत) आंतोनीसाठी लिलीचे फूल आणि बाळ येशू, सांत पेद्रूसाठी किल्ल्या, सांत सेबास्त्यांवसाठी बाण, निष्कलंक सायबिणीसाठी (मारिया मातेसाठी) पायाखालची चंद्रकोर. खूण नेमकी असली की चेहरा चार रेषांत झाला तरी चालतो. सायबिणीला साडी नेसवावीशी वाटली तर खुशाल नेसवा. गोव्यातल्या सांत इस्तेव्ह इथे जन्मलेल्या चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी ती तशी रंगवली आहे.

एक गोष्ट मात्र आधी कागदावर तपासा. चार टाइलांचे सांधे मधोमध क्रूसासारखे छेदतात. चेहरा तिथे आला तर डोळ्यांमधून सांधा जातो. क्रूस बरोबर मध्यावर काढला तर त्याची उभी रेषा सांध्यात हरवते. म्हणून क्रूस रुंद काढा, किमान 4 सेंमीचा, नाहीतर एका बाजूला घ्या. नाव किंवा तारीख लिहायची असेल तर देवनागरी अक्षर अडीच सेंमीपेक्षा लहान नको. त्याहून लहान अक्षरांच्या पोकळ्या भाजताना भरून येतात.

उतरवणे आणि रंगवणे

ट्रेसिंग पेपरवरच्या रेषांना सुईने 2–3 मिमी अंतरावर भोके पाडा. कागद टाइलवर ठेवून कोळशाची पुरचुंडी हलके थोपटा. ठिपके उमटतात आणि भट्टीत जळून जातात. पेन्सिलने थेट काढू नका, कारण टोकाने ग्लेझ खरवडले जाते. टाइल कडांनीच धरा. बोटाचा तेलकट डाग पडला की भाजताना ग्लेझ तिथून मागे सरकते आणि खालची माती उघडी पडते. नारळाच्या तेलाचा हात सर्वांत वाईट. रंगवताना हात टेकायला दोन विटांवर एक लाकडी पट्टी ठेवा.

अर्धा चमचा पुडीला दीड चमचा पाणी आणि खैराच्या डिंकाच्या पाण्याचे दोन थेंब घ्या. कच्चे ग्लेझ पाणी लगेच शोषते, म्हणून ब्रश भरलेला असावा आणि फटकारा एका दमात जावा. मध्येच थांबलात तर तिथे गडद ठिपका राहतो. आधी तपकिरी रंगाने बाह्यरेषा, मग निळ्याचे पातळ हात, शेवटी वस्त्राच्या घड्यांत थोडा दाट निळा. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारातली निळी चित्रे जवळ जाऊन पाहा: मोठ्या जागा पातळ आहेत, गडदपणा मोजक्या जागीच आहे.

सर्वांत जास्त चित्रे बिघडतात ती निळ्यामुळे. कोबाल्टची ही पूड भाजण्यापूर्वी फिकट जांभळट दिसते. रंग कमी पडला असे वाटून माणूस दुसरा, तिसरा हात मारतो, आणि भट्टीतून टाइल बाहेर येते तेव्हा तिथे काळा, खरखरीत पापुद्रा असतो. म्हणून सरावाच्या टाइलवर तीन पट्टे ओढा: तयार केलेला रंग, त्यात तितकेच पाणी घालून, चौपट पाणी घालून. ती टाइल आधी आमच्याकडे द्या. भाजून परत मिळाली की ती समोर ठेवूनच मुख्य चित्र रंगवा.

चूक पुसता येत नाही. लहान असेल तर ब्लेडने वरचा रंग अलगद खरवडा. माती दिसू लागली तर थांबा आणि टाइल आमच्याकडे आणा. धुऊन नवे ग्लेझ देऊ. पावसाळ्यात थर दमट राहतो आणि रेषा पसरते, तेव्हा टाइल आदल्या दिवशी कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा.

येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्राला लाल हवा असतो. आमच्या ग्लेझच्या तापमानाला आमचा लाल टिकत नाही, तपकिरी होतो. ती जागा पांढरी सोडा. पहिल्या भाजणीनंतर वरून लाल देऊन सुमारे 780 अंश सेल्सिअसवर पुन्हा भाजावे लागते. त्याचे पैसे वेगळे.

रंगाची पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, सांडलेले ओल्या फडक्याने पुसा. रंग कालवलेली वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

भाजणी

प्रत्येक टाइलच्या मागे निळ्या रंगानेच क्रमांक घाला. पेन्सिलचा आकडा भट्टीत जातो. एकावर एक रचू नका, पेटीतल्या खाचांत उभ्या ठेवून आणा. आम्ही 1020 अंशांपर्यंत नेतो. 573 अंशांजवळ मातीतली गारगोटी एकदम आकार बदलते, म्हणून तिथे तापवणे आणि थंड करणे दोन्ही सावकाश. भट्टी 100 अंशांखाली आल्याशिवाय उघडत नाही. लवकर हवी म्हणून घाई केली तर टाइल आरपार तडकते.

भिंतीवर

चिऱ्याच्या भिंतीत जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत ओल चढते आणि क्षार टाइलमागून फुटतात, त्यामुळे त्याच्या वरच लावा. पश्चिमेचा पाऊस थेट मारतो ती बाजू टाळा. नव्या गिलाव्याला चार आठवडे सुकू द्या. सिमेंटात बसवायची तर टाइल आधी अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर ती सिमेंटातले पाणी ओढून घेते आणि पुढे सुटते. चिकटद्रव्य वापरणार असाल तर भिजवू नका. सांधा 2 मिमीचा ठेवून पांढऱ्या सिमेंटने भरा आणि फादर घर आशीर्वादायला येण्यापूर्वी तीन दिवस त्याला हात लावू नका. पुढे पुसायला ओले फडके पुरे; न्हाणीघरात वापरतो ते ॲसिड सांधे खाते.