चार आण्यांचा चहा आणि कामगाराचं ताट

पुण्यात जुन्या स्वस्ताईच्या गप्पा निघाल्या की आण्यांतला चहा निघतोच. रुपयाचे सोळा आणे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि चार आण्यांचे सरळ 25 नवे पैसे झाले. एका आण्याचे मात्र सव्वासहा होत. कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना 19 असा हिशेब होता. चहा, भजी, कोथिंबिरीची जुडी अशा किरकोळ खरेदीत हा पावपैसा कुणाच्या तरी पदरचा जायचाच.

पण आण्यांची आठवण काढताना आपण पगार विसरतो, आणि मला तेच खटकतं. महागाई भत्ता ज्यावर ठरतो, त्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं आधारवर्ष (ज्या वर्षाचे भाव 100 धरून पुढची महागाई मोजतात ते वर्ष) 1960 नंतर 1982, 2001 आणि 2016 असं बदललं. जुनी मालिका नवीला जोडण्याचे गुणक अनुक्रमे 4.93, 4.63 आणि 2.88. तिन्हींचा गुणाकार साधारण 66. म्हणजे 1960 साली रुपयात भागणाऱ्या गरजेला 2016 मध्ये सुमारे 66 रुपये लागत. यात घरभाडं, कपडालत्ताही आला. त्याच निर्देशांकात अन्नाचा वाटा मात्र 1982 च्या मालिकेतल्या 57 टक्क्यांवरून 2016 च्या मालिकेत 39 वर आला. भत्ता मिळणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराच्या खर्चात जेवणाचा भार हलका होत गेला, असाच याचा अर्थ.

हमाल, मोलकरीण, बिगारी यांना कसला भत्ता? 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी आली, पुढच्या वर्षी खनिज तेल भडकलं आणि 1974 मध्ये घाऊक महागाई 25 टक्क्यांच्या पुढे गेली. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाला बाहेरचं जेवण परवडेना. त्याच 1974 साली बाबा आढावांच्या हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने पुण्यात ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं. झुणका, भाकरी, भाजी, आमटी, तीही हमालाच्या मजुरीत बसेल अशा दरात. पुण्यातल्या महागाईचा इतिहास लिहायचा तर माझ्या मते तो अमृततुल्यच्या पेल्यापेक्षा या भाकरीपासून सुरू करावा.

पुढे 26 जानेवारी 2020 रोजी राज्य सरकारने शिवभोजन थाळी आणली. शहरात थाळीचा दर 50 रुपये धरला. त्यातले 10 जेवणाऱ्याने द्यायचे आणि 40 सरकारने.