एमपीसीबीच्या हातात काय आहे आणि ते कधी आलं?

नदीला फेस आला, मासे तरंगले की ‘एमपीसीबी काय झोपलंय का?’ हा सवाल ठरलेला. राग रास्तच असतो. पण एमपीसीबीला, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, कोणता अधिकार कधी मिळाला, हे पाहिलं तर निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो.

राज्याने आधी कारखाने वसवले. १९६२ मध्ये एमआयडीसी आली. पाठोपाठ अंबरनाथ, डोंबिवली, पिंपरी-चिंचवडच्या वसाहती. प्लॉट, रस्ते, पाणी सरकारने दिलं. वापरलेलं पाणी जाणार कुठे, हा विचार मागून आला. तोवर हाताशी होतं भारतीय दंड संहितेचं २७७ वं कलम. सार्वजनिक झरा किंवा जलाशय घाण केला तर तीन महिने कैद, नाहीतर ५०० रुपये दंड. त्यात नदीचं नावसुद्धा नव्हतं.

म्हणून १९६९ मध्ये राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. पाणी राज्यांचा विषय असल्याने राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने १ जून १९८१ ला स्वीकारला. हवेचा कायदा १९८३ मध्ये आधी ठरावीक भागांपुरता लागू झाला, सगळ्या राज्याला ६ नोव्हेंबर १९९६ रोजी. म्हणजे मधली तेरा वर्षं कोणाच्या हवेची काळजी घ्यायची, हे गावाच्या पत्त्यावर ठरत होतं!

सुरुवातीची मंडळाची ताकद मुख्यतः कागदी. सांडपाणी सोडण्याआधी संमतीपत्र घ्या, त्यातल्या अटी पाळा. अटी मोडल्याचं सिद्ध करायचं तर सांडपाण्याचा नमुना घ्यावा लागतो, आणि इथेच खरी मेख. जल कायद्याचं २१ वं कलम बारकाईने वाचावं. नमुना तपासणीला जाणार असल्याची नोटीस कारखानदाराला तिथल्या तिथे द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही डबे सीलबंद करायचे, दोघांनी सह्या करायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा राज्याच्या प्रयोगशाळेत. ही पद्धत चुकली तर अहवाल पुरावा म्हणून कोर्टात टिकत नाही. नाल्यातलं पाणी लालभडक दिसत असलं तरी.

कारखाना थेट बंद करण्याचा अधिकार आला भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८८ मध्ये जल कायद्यात ३३-अ हे कलम घातलं गेलं. आता मंडळ वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. कारखानदार दंडापेक्षा या आदेशाला जास्त घाबरतो, हे उघड आहे.

जमिनीचं रक्षण त्याहून अवघड. घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ चे. पुढे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे विल्हेवाटीच्या जागा तयार झाल्या. पण तिथे कचरा पाठवायला पैसे पडतात, म्हणून रात्रीचा टँकर नाल्यात रिकामा करणारे निघाले. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनाने कितीतरी रहिवाशांना रुग्णालय गाठावं लागलं.

आणि तरीही नद्यांचा मोठा अपराधी कारखाना नाही, शहर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित होते, २०२२ मध्ये ५५. दोन्ही वेळा देशात सर्वाधिक. पुण्याची मुळा-मुठा काय किंवा कोल्हापूरची पंचगंगा काय, मुख्य भार शहराच्या मैलापाण्याचा. इथे ३३-अ लंगडं पडतं. महापालिकेची वीज कशी तोडणार? त्या विजेवर मैलापाण्याचे पंपही चालतात. मग नोटिसा, बँक हमीची (अटी पाळण्यासाठी आधी घेतलेल्या तारणाची) जप्ती, खटला, पुन्हा नोटीस.

४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रकरणात सांगितलं, की प्रदूषण मंडळांना पर्यावरणाच्या हानीची भरपाई स्वतः वसूल करता येईल, ३३-अ खालीच. अट एकच: आधी कार्यपद्धतीचे नियम करा, समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्या.