न्याय मिळवून देणाऱ्या कामाला अनुदान पाहिजे? आधी संस्थेची फाईल उघडा

शिरोळकडं पूरग्रस्तांचे भरपाईचे अर्ज भरून द्यायचेत, पोटगीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायकांच्या सोबत कोर्टात जायचंय, इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी सल्ला केंद्र काढायचंय, असलं काम करणारे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बरेच आहेत आणि सगळ्यांची अडचण एकच, पैसा कुठनं आणायचा. अनुदान मिळू शकतं, पण बरेच जण प्रपोजल झकास लिहितात आणि कागदावर मार खातात.

अर्ज संस्थेच्या नावानं लागतो. तुमची तालीम किंवा बचत गट कितीही चांगलं काम करत असू दे, सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंद नसेल किंवा सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याखाली नोंदलेली, नफा न वाटणारी संस्था) नसेल तर मोठं अनुदान विसरा. मग सरळ एखाद्या नोंदणीकृत संस्थेला बरोबर घ्या, लेखी करार करा आणि अर्ज त्यांच्या नावानं जाऊ दे.

न्यास असेल तर सगळ्यात आधी परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली न्यासाची आणि विश्वस्तांची नोंद, काढून बघा. निम्मी गाडी इथंच अडकते. उताऱ्यावर जुने विश्वस्त असतात, त्यातला एखादा वारलेला असतो, एकजण पुण्याला जाऊन राहिलेला, आणि अर्जावर सह्या करणारे भलतेच. विश्वस्त बदलले की ९० दिवसात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, तिथं द्यायचा असतो, तो राहिला असेल तर उशीर माफीच्या अर्जासकट आत्ताच टाका, कारण त्याचा निकाल लागायला वेळ जातो आणि अनुदानाची तारीख काय तुमच्यासाठी थांबत नाही.

बाकीची फाईल म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा ट्रस्ट डीड, संस्थेचं पॅन, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, १२ए आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सवलत देणाऱ्या नोंदण्या), संस्थेच्या नावाचं बँक खातं, रद्द केलेला चेक, आणि अर्ज करायचा व सही कुणी करायची याचा ठराव. सरकारी पैशासाठी एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा युनिक आयडी लागतो, त्यासाठी पदाधिकाऱ्यांचे पॅन-आधार जवळ ठेवा, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं एकच आहे का ते बघून.

आता दारं कुठली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम ४ मध्ये स्वयंसेवी संस्थांना ठराविक योजनांसाठी सहाय्यक अनुदान देण्याची तरतूद आहे, पण ते काम राष्ट्रीय प्राधिकरणाचं (ही प्राधिकरणं म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा). तरी सुरुवात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापासून करा, सचिवांच्या नावानं पत्र द्या, त्यांच्यासोबत एक-दोन शिबिरं घ्या. रोख पैसे लगेच मिळणार नाहीत हे डोक्यात ठेवा, मात्र त्यांच्याबरोबर केलेलं काम पुढच्या प्रत्येक अर्जात दाखवता येतं.

दुसरं दार कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजाच्या कामावर कंपन्यांनी कायद्यानं करायचा खर्च. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात. संस्थेला १२ए, ८०जी, तीन वर्षांचा कामाचा अनुभव आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर लागतो. एक गोम आहे, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे सीएसआरचा पैसा कशावर खर्चता येतो त्या यादीत, कायदेविषयक मदत असा वेगळा विषयच नाही. म्हणून प्रपोजल महिला सक्षमीकरण किंवा मागास घटकांमधली विषमता कमी करणे या खाली बसवा, नुसतं 'लीगल एड' लिहिलं तर समोरचा विचारणार हे कुठल्या विषयात बसतं.

परदेशी पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घ्यायचाच नाही, आणि दुसऱ्या एफसीआरए संस्थेकडनं फिरवूनही नाही, २०२० पासून ते बंद आहे.

बजेट करताना वकील फीचा मोठा आकडा टाकू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक आणि पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले, यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटच नाही. जे फुकट मिळतं त्यासाठी पैसे मागितले की तपासणारा लगेच पेन खाली ठेवतो. त्यापेक्षा चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीतनं माणूस कोर्टापर्यंत आणायचा एसटी खर्च, कागदपत्रं काढणं, झेरॉक्स, एक पूर्णवेळ कार्यकर्ता, हे मागा, कारण खरी अडचण तिथंच असते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतंय, त्यामुळं मुंबईच्या फेऱ्यांचा जुना खर्च कॉपी-पेस्ट झालेला नाही ना तेही बघा.

पैसे आले की पहिल्या दिवसापासून वेगळी वही ठेवा, बिलं त्यातच लावा. वर्षाच्या शेवटी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. आणि पक्षकारांची नावं, फोटो रिपोर्टात टाकायच्या आधी त्यांची लेखी संमती घ्या, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये तर नाव टाकूच नका, नुसता केस नंबर पण नको.